टेकडीवरच्या क्लबचा झेंडा

११ जानेवारी

समुद्राकाठचा क्लब झाला एकदाचा. बारक्याने आणि मी खेळायच्या ठरवलेल्या आठ मोठ्या गोल्फ क्लबांतला हा पाचवा. दुपार कलली की बाहेरच्यांना निम्म्याहून कमी दरात सोडतात, पण ते कुठे लिहिलेलं नसतं. विचारावं लागतं. आणि विचारताना आवाज असा ठेवावा लागतो की आपल्याला काही फरक पडत नाही, सहज विचारतोय. हे काम माझं. बारक्याला ते जमत नाही. तो काउंटरवर गेला की "जरा स्वस्तात काही होईल का हो?" म्हणून मोकळा होतो आणि वर हसतो. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

वारा असा की टोपी एका हाताने धरून खेळायची पाळी. माझा बॉल सारखा वाळूत. बारक्याचा नाही. त्याचा फटका बघितला तर हा माणूस इतकी वर्षं गोल्फ खेळतोय असं कुणी म्हणणार नाही, कुदळ मारल्यासारखा मारतो. बॉल मात्र सरळ जातो. परत येताना गाडीत तो झोपला आणि घोरला. मी चालवत होतो.

दुकानातून टोपी घेतली. निळी, वर पांढरा पक्षी. बारक्याने नेहमीसारखी काउंटरवरची पेन्सिल उचलली, फुकटची. म्हणाला, "मला टोपी शोभत नाही रे." सहा फुटी माणूस, पण कारखान्यात लागला तेव्हा वयाने सगळ्यांत लहान म्हणून बारक्या, तो अजून बारक्याच. मी तपासणी खात्यात होतो म्हणून त्याने माझं नाव फूटपट्टी ठेवलं. तो म्हणतो ते चालतं. दुसऱ्या कुणाला मी म्हणू देत नाही.

घरी आल्यावर ही म्हणाली, "आता ही कुठे ठेवणार?" बाहेरच्या खोलीतलं काचेचं कपाट भरत आलंय: टोप्या, बॉलची जागा धरून ठेवायच्या पितळी चकत्या, एक मग. मधला कप्पा मी मुद्दाम रिकामा ठेवलाय, टेकडीवरच्या क्लबसाठी. हिला दरवेळी सांगावं लागतं.

२ फेब्रुवारी

टेकडीवरच्या क्लबला पुन्हा फोन केला. बाई तीच, उत्तर तेच. "सभासदाचे पाहुणे म्हणूनच येता येईल." आडवार चालेल का, भर उन्हाळ्यात चालेल का, दुपारच्या बाराला चालेल का? "सभासदाचे पाहुणे म्हणूनच." पोपटाला तरी चार वाक्यं येतात.

आमच्या कारखान्याचे मालक तिथे खेळायचे. एकदा एका कागदावर तातडीची सही हवी होती म्हणून मला पाठवलं होतं. मालक बाहेर पोर्चमध्ये आले, माझ्याच पेनाने सही केली आणि पेन खिशात घालून आत गेले. आतून ग्लासांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. मी पायरीवर थोडा वेळ थांबलो, पेनासाठी. मग निघालो. त्या दिवशी ठरवलं होतं की इथे एकदा खेळायचं.

हे बारक्याला सांगितलंय मी. हिलाही सांगितलेलं नाही.

१९ फेब्रुवारी

आज अक्षर नीट येत नाही.

सकाळी नेहमीसारखे आपल्या गावच्या मैदानावर गेलो. पूर्वी कारखान्याचं होतं, आता नगरपालिकेचं. गवत पायपुसण्यासारखं, पण आपलं. बारक्याने बॅग खाली ठेवली आणि तिच्या कडीला एक टॉवेल लटकत होता. पांढरा, कोपऱ्यात हिरवं झाड. ते झाड मला झोपेतही ओळखता येईल.

"हा कुठून आला?"

"हा होय. जावयाने दिला."

"जावई सभासद आहे तिथे?"

"त्याचे वडील आहेत. जुने." मग तो काठीचं टोक पुसायला लागला. "त्यांनी आपलं... घरच्यांबरोबर माझंही नाव घातलं. मी नको म्हणत होतो."

"म्हणजे तू सभासद आहेस."

"कागदोपत्री म्हणायचं तर हो."

"कधीपासून?"

"झाले की थोडे दिवस."

"बारक्या, कधीपासून?"

"नोव्हेंबर."

म्हणजे समुद्राकाठी मी काउंटरवर उभा राहून आवाज सांभाळत होतो, तेव्हा हा टेकडीवरचा सभासद होता आणि शेजारी उभा राहून स्वस्तात मागत होता. आणि मी फोन करतोय हे त्याला ठाऊक होतं. मीच सांगायचो त्याला, पोपटाची नक्कल करून. तो हसायचा.

"सांगणार होतो रे," म्हणाला. "तुझा मूड बघत होतो."

राउंड तिथेच सोडून आलो. मागून हाका मारत होता. याची बायको गेली तर मुलीने वरचा मजला दिला राहायला. जावयाने गाडी दिली. आता व्याह्याने क्लब दिला. या माणसाने आयुष्यात एक गोष्ट मागितली नाही आणि सगळं मिळालं. मी मागून मागून थकलो.

२० फेब्रुवारी

हिचं म्हणणं, "तुमच्या भीतीने सांगितलं नसेल भावजींनी."

माझी भीती? मी काय वाघ आहे? एवढं बोलून मी जेवायच्या टेबलावरून उठलो. हिने ताट उचलून नेलं.

६ मार्च

बारक्या घरी आला. खुर्चीच्या कडेवर बसला, सोयरीक घेऊन आल्यासारखा. हिने चहा दिला.

"पुढच्या गुरुवारी ये माझ्याबरोबर," म्हणाला. "नाव घातलंय तुझं पाहुणा म्हणून. माझा पहिला पाहुणा तूच."

"उपकार करतोयस?"

"कसला उपकार लेका! मला तिथे करमत नाही. सगळे आपापल्या चौकडीत असतात. कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर कारखान्यात लेथवर होतो म्हणतो, मग पुढे कुणी विचारतच नाही. तू आलास तर मजा येईल."

ऐका. टेकडीवरच्या क्लबात याला करमत नाही. हे आम्हाला घरी येऊन सांगायचं.

"बघतो," म्हणालो. "गुरुवारी काम आहे का ते पाहून सांगतो."

ही आतून बाहेर आली आणि म्हणाली, "येतील हो भावजी." काम नव्हतं हे खरंच. आणि कुठला शर्ट घालायचा हे तो दारातून आत यायच्या आधीच माझ्या मनात ठरलं होतं, हेही खरं. त्याची गाडी खिडकीतून दिसली तेव्हाच कळलं होतं तो कशाला आलाय.

१३ मार्च

आज टेकडीवर खेळलो. लिहिताना सुद्धा आनंद व्हायला हवा होता.

फाटकावरच्या रखवालदाराने बारक्याला सलाम ठोकला आणि माझ्याकडे बघून त्याला विचारलं, "हे पाहुणे का?" मला नाही, त्याला. आत गेल्यावर एक पिवळी पट्टी पट्ट्याला अडकवायला दिली. जनावराच्या कानाला बिल्ला मारतात तशी. बारक्या म्हणाला, "सगळ्यांनाच देतात रे." म्हणजे त्याला सोडून सगळ्यांना.

तो पोर्च आता काचेने बंद केलाय. पायरी आहे. बारक्या पायरीपाशी थांबला, माझ्याकडे बघून म्हणाला, "तू आधी चढ." काय ते नाटक. मी म्हणालो, "चल रे, उशीर होतोय."

मैदान मात्र... नाही, ते लिहायला हवं. गालिचाही एवढा सारखा नसतो. पाय ठेवताना बूट काढावेत असं वाटत होतं. पहिला फटका माझा सरळ गेला आणि बारक्याने टाळ्या वाजवल्या, एकट्याने, मोठमोठ्याने. पलीकडच्या चौघांनी वळून पाहिलं. मी त्याला म्हणालो, "गप्प बस, इथे टाळ्या वाजवत नाहीत." त्याचा चेहरा उतरला.

खेळायच्या आधी दुकानात गेलो होतो ते राहिलं. हिरवी टोपी, झाडाचं चिन्ह. हातात घेतली, घालून पाहिली, जणू माझं डोकं मोजूनच शिवली होती. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "चिन्हाच्या वस्तू फक्त सभासदांच्या नावावर." बारक्या पुढे झाला. "माझ्या नावावर लिहा. यांना आवडेल ती द्या. दोन द्या." मुलीने टोपी माझ्या हातातून घेतली आणि पिशवीत घालून बारक्याच्या हातात द्यायला निघाली. बारक्याच्या! इतके दिवस ज्या कप्प्यावरची धूळ पुसतोय त्यात याने विकत घेऊन दिलेली टोपी ठेवायची?

"राहू द्या," म्हणालो. "घट्ट होते."

"घट्ट कुठे, चांगली बसली होती," बारक्या म्हणाला.

"घट्ट होते म्हटलं ना."

सातवं होल एका बाजूला, उतारावर आहे, झुडपांच्या पलीकडे. तिथून इमारत दिसत नाही. माझा दुसरा फटका झुडपात गेला. मी म्हणालो, जाऊ दे, दुसरा बॉल घेतो. बारक्या कसला ऐकतोय. "नवा बॉल आहे तुझा, सोडायचा कशाला," म्हणून गुडघ्यावर बसून झुडपात शिरला. मी ग्रीनवरच्या भोकापाशी उभा होतो. त्यात रोवलेल्या काठीवरचा झेंडा अगदी माझ्या खांद्याशी फडफडत होता. पांढरा, मधोमध हिरवं झाड. दोन आकड्यांत अडकवलेला असतो, बाकी काही नाही. काढला, घडी केली, बॅगेच्या बाजूच्या खिशात घातला. विचार केला असं काही आठवत नाही.

बारक्या बाहेर आला. कोपरापर्यंत ओरखडे, हातात माझा बॉल, आणि असा हसत होता की जणू त्याचाच सापडला. "मिळाला बघ!" मग त्याची नजर काठीवर गेली.

"झेंडा कुठे गेला?"

"नव्हताच."

"लांबून मारला तेव्हा होता की."

"नव्हता रे. तुला भास झाला असेल."

तो काठीकडे बघत राहिला, मग माझ्या बॅगेकडे, मग हातातल्या बॉलकडे. "असं होय," म्हणाला. बॉल माझ्या पायाशी ठेवला. पुढची सगळी होल खेळलो. तो चांगला खेळला नाही.

१४ मार्च

झेंडा मधल्या कप्प्यात लावला. टाचण्यांनी, नीट ताणून. टोपीपेक्षा दिसायला चांगला दिसतो. टोप्या काय, ढिगाने असतात.

हिने विचारलं, "हा कुठला?"

"क्लबच्या दुकानातला."

"दुकानातल्या वस्तूला कडेला चिखल असतो का?"

मी पेपर उघडला. ही थोडा वेळ कपाटासमोर उभी राहिली. मग हातातलं फडकं तिथेच कपाटावर ठेवून गेली.

१८ मार्च

बारक्या येऊन गेला. नेहमीच्या खुर्चीवर बसला, म्हणजे कपाटाच्या बरोबर समोर. बसताच दिसला असणार त्याला. एवढी मोठी वस्तू.

"क्लबातून फोन आला होता," म्हणाला. "सातव्या होलचा झेंडा गेलाय. त्या दिवशी दुपारी त्या बाजूला आपण दोघंच होतो म्हणतात."

"मग?"

"काही नाही. म्हटलं तुला विचारावं, तुला काही बोलायचंय का."

"मला काय बोलायचं असणार? तुझा क्लब आहे."

"उद्या समितीपुढे बोलावलंय. व्याही पण आहेत समितीवर."

"मग जा की."

"जातोच," म्हणाला. चहा संपवला. हिला म्हणाला, "वहिनी, चहा झकास." दारात चपला घालताना एकदा वळला, मला वाटलं आता मागतोय झेंडा. मागितला असता तर दिला असता मी. बहुतेक दिला असता. पण तो फक्त म्हणाला, "येतो रे."

झेंडा एवढा समोर असताना एक शब्द काढला नाही. हा त्याचा मोठेपणा की मला खिजवणं? मनात असेल ते तोंडावर बोलावं माणसाने. मी बोलतो.

२ एप्रिल

मैदानावर स्टोअरकीपर भेटला, आमच्याच कारखान्यातला. म्हणाला, बारक्याने टेकडीवरचा क्लब सोडला.

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. बरं वाटलं. वाटणारच होतं तसं. तिथली माणसं वेगळी, त्यांचं हसणं वेगळं, लेथवरच्या माणसाला ते कुठलं झेपायला? करमत नाही म्हणत होताच. आता येईल ताळ्यावर. सकाळी आपल्या मैदानावर, महिन्यातून एकदा मोठा क्लब, मी दर ठरवीन, तो झोपेल गाडीत.

घरी येऊन लगेच तळ्याकाठच्या क्लबला फोन केला. आडवारी दुपारनंतर, दोघांचा दर छान पाडून घेतला. मग बारक्याला फोन. मीच केला, आधी. मागचं सगळं सोडून दिलं, असं आवाजातच दाखवलं.

"पाठ धरलीय रे," म्हणाला.

"पुढच्या आठवड्यात?"

"पुढच्या आठवड्यातही धरलेलीच असेल."

कधी नव्हे ते फोन त्याने आधी ठेवला.

९ एप्रिल

तळ्याकाठचा क्लब. एकटा गेलो. एकट्याला सोडत नाहीत, म्हणून एका नवराबायकोबरोबर जोडून दिलं. ती दोघं एकमेकांशीच बोलत होती. त्या माणसाने एक बॉल तळ्यात घातला, तो काढायला वाकला तर खिशातला चष्मा पाण्यात, चष्मा काढायला बायको वाकली तर तिची टोपी. मी हसू दाबत मागे वळलो सांगायला. मागे कुणी नव्हतं.

टोपी घेतली. राखाडी.

१५ एप्रिल

ही दुपारी बाहेर गेली होती. संध्याकाळी आली ती पर्स खांद्याला तशीच ठेवून माझ्यासमोर बसली.

"भावजींकडे गेले होते."

"पाठ कशी आहे?"

"पाठीला काही झालेलं नाही. मुलीच्या घरी राहत नाहीत ते आता. लाँड्रीच्या वर एक खोली घेतलीय. गॅस, कॉट आणि ती तुमच्या खेळाची बॅग. एवढंच."

"का?"

"तुम्ही मला विचारता का?" असं ही कधी बोलत नाही. "समितीपुढे त्यांनी सांगितलं की झेंडा मी घेतला, गंमत म्हणून. व्याही समोर बसलेले. त्यांनी सगळ्यांची माफी मागितली भावजींच्या वतीने, आणि घरी येऊन चार माणसांत चोर म्हणाले. जावई म्हणाला, बाबांना तुमच्यामुळे मान खाली घालावी लागली. मुलगी रडत होती, पण बोलली काहीच नाही. दुसऱ्या दिवशी भावजी आपणहून निघाले."

"माझं नाव..."

"नाही घेतलं. मुलीलाही नाही सांगितलं. मला सुद्धा सांगत नव्हते, मीच कपाटातलं सांगितलं तेव्हा गप्प बसले."

मी म्हणालो, "मी सांगितलं होतं का त्याला असं करायला?"

ही माझ्याकडे बघत राहिली. किती वर्षांचा संसार, पण असं बघताना मी तिला पाहिलेलं नाही. रागावली असती तर चाललं असतं. ओळख पटत नसलेल्या माणसाकडे बघतात तशी बघत होती. मग उठून आत गेली. उशी आणि पांघरूण आतल्या खोलीत नेलं.

पण मी विचारलं ते चूक आहे का? सांगितलं होतं का मी? त्याने म्हणायला हवं होतं की पाहुण्याने घेतला. मी दिला असता परत. वाटलं तर हजर झालो असतो. संधीच दिली नाही. आता हा मोठा, आणि मी कोण?

१६ एप्रिल

काल लिहिलेलं वाचलं. पान फाडावंसं वाटलं, फाडलं नाही.

ओरखडे आठवतात. कोपरापर्यंत होते.

२१ एप्रिल

आज टेकडीवर गेलो. कुणाला न सांगता. झेंडा धुऊन, इस्त्री करून पिशवीत घेतला होता.

फाटकावर, "कुणाचे पाहुणे?" "कुणाचा नाही. सेक्रेटरींना भेटायचंय. झेंड्याबद्दल." त्याने आत फोन केला. बराच वेळ उन्हात उभा होतो. गाड्या आत जात होत्या, रखवालदार प्रत्येक वेळी मला हाताने बाजूला सारत होता.

शेवटी सेक्रेटरी स्वतः खाली आला. तरुण माणूस, स्वच्छ कपडे, बोलायला अगदी मऊ. मी वाक्य पाठ करून गेलो होतो. म्हटलं, "सातव्या होलचा झेंडा मी घेतला होता. माझ्या मित्राने नाही."

त्याने पिशवीत डोकावून पाहिलं. "ते प्रकरण मिटलंय, साहेब. भरपाई भरली त्यांनी. नवा झेंडा लागला केव्हाच."

"पण त्याने घेतला नव्हता."

"त्यांनी समितीपुढे सांगितलं की घेतला. स्पष्ट सांगितलं. आता तुम्ही म्हणता तुम्ही. म्हणजे ते समितीशी खोटं बोलले, असं मी समितीला कळवू का? त्यांचे व्याही आहेत आमच्याकडे. त्यांच्या दृष्टीनेही विषय पुन्हा निघणं..." आणि त्याने हात हलवला. "तुम्ही म्हणाल तसं करतो. कळवू?"

मी पिशवीचे बंद धरून उभा होतो. त्याने घड्याळ पाहिलं नाही, घाई केली नाही. मी काय म्हणतो याची खरोखर वाट बघत होता.

"नको," म्हणालो.

"ठीक. हा ठेवा तुम्ही, आम्हाला उपयोग नाही."

उतारावरून खाली येताना पाय हलके पडत होते. हे कुणाला सांगता येणार नाही म्हणून इथे लिहितो. मला सुटल्यासारखं वाटलं. मी गेलो होतो, मी बोललो होतो, आणि आता माझ्या हातात काही नव्हतं. बारक्याला खोटं पाडायचं का मी, त्याच्या व्याह्यांसमोर? त्याच्याच हिताचं होतं ते.

२२ एप्रिल

हिला सगळं सांगितलं. सेक्रेटरी काय म्हणाला, मी नको का म्हटलं. ही कपड्यांच्या घड्या घालत ऐकत होती.

"आणि भावजींच्या मुलीला?"

"तिला काय?"

"तिला सांगायला समिती लागत नाही. घर माहीत आहे तुम्हाला."

"तिने व्याह्यांना सांगितलं तर?"

"सांगू दे ना."

"तू समजत नाहीस. गुंता होईल."

"बरं," ही म्हणाली. "भावजींकडे तरी गेलात का?"

"त्याला काय सांगायचं? त्याला माहीतच आहे सगळं."

हिने माझा शर्ट घडी केला आणि त्या ढिगावर ठेवला. मग म्हणाली, "तुमचं नेहमी सगळं बरोबरच असतं." आवाज साधा होता. टोमणा असता तर उत्तर दिलं असतं.

३० एप्रिल

लाँड्रीपर्यंत गेलो. खाली इस्त्रीची वाफ, बाजूने लोखंडी जिना. वरच्या खिडकीत दोरीवर त्याचा बनियन वाळत होता. इस्त्रीवाला म्हणाला, "आहेत वर. हाक मारू?" म्हटलं, नको, सहज आलो होतो. दोन शर्ट दिले इस्त्रीला. घरी इस्त्री असताना.

३ मे

शर्ट आणायला ही गेली.

८ मे

आज ठरवूनच निघालो होतो. स्टोअरकीपर म्हणाला होता की बारक्या पुन्हा सकाळी मैदानावर येतो. बोलायचं काय तेही ठरवलं होतं. आधी खेळू, मग तिसऱ्या होलच्या बाकावर बसल्यावर सांगू. तिथे सावली असते.

तो होता. आणि त्याच्याबरोबर आणखी एक जण, बुटका, गोल चष्मा, नव्या काठ्या. कालपरवाच शिकायला लागला असावा, काठी छत्रीसारखी धरली होती. बारक्या त्याच्या मागे उभा राहून मनगट कसं वळवायचं ते दाखवत होता, आणि तो माणूस चुकला की दोघं हसत होते. अगदी मोठ्याने.

मी जवळ गेलो. बारक्याने पाहिलं. तोंड फिरवलं असतं तरी समजलं असतं, पण त्याने तसं केलं नाही. हसला. नीट, कुणाही माणसाला बघून हसतो तसं.

"या," म्हणाला. "बरे आहात ना? वहिनी कशा आहेत?"

मला आधी वाटलं चेष्टा करतोय. ओळख झाल्याच्या दिवसापासून या माणसाने मला अहोजाहो केलेलं नाही. पहिल्या दिवशी सुद्धा, मी त्याच्यापेक्षा मोठा असून. मी वाट बघत राहिलो की आता डोळा मारेल.

"बरी आहे," म्हणालो.

चष्मेवाल्याने हात पुढे केला. "हे कोण?"

"आम्ही एका कारखान्यात होतो," बारक्या म्हणाला. "हे तपासणीत, मी लेथवर."

यात खोटं काही नाही. चष्मेवाला चांगला माणूस असावा. म्हणाला, "मग या की, तिघं खेळू. मला तेवढंच शिकायला मिळेल."

बारक्या माझ्याकडे न बघता बॉल मांडत होता. "त्यांना काम असेल," म्हणाला.

"हो," मी म्हणालो. "जरा काम आहे."

माझी बॅग पाठीला होती. हातमोजा मी घरूनच घालून निघालो होतो.